लुअर निवडताना आधी गळ मोजा

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवर मी इथे नेहमी लिहितो. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, डॉक्टरांना झालंय तरी काय? विषय आहे मासे पकडायचं कृत्रिम आमिष, म्हणजे हल्ली सगळे ज्याला 'लुअर' म्हणतात ते. शेवटपर्यंत वाचलंत तर हा विषय इथे का आला ते कळेल.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे माझ्या ओपीडीत गुरुवारी संध्याकाळची गर्दी वेगळी असते. क्रिकेट खेळताना मुरगळलेला पाय, घरातली ट्यूबलाइट बदलताना घसरलेला माणूस, आणि अलीकडे बोटात गळ घुसलेला कामगार. पूर्वी वर्षाकाठी असा एखादाच यायचा. आता दुकानात आणि ऑनलाइन स्वस्त रॉड, रीळ आणि रंगीबेरंगी लुअरचे डबे मिळू लागलेत. मोबाइलवर व्हिडिओ बघून तरुण मुलं पवना धरणाच्या किंवा भामा आसखेडच्या काठावर जाऊन बसतात. छंद चांगलाच आहे. आठवडाभर मशिनच्या आवाजात राहिलेल्या माणसाला पाण्याकाठी चार तास शांत बसायला मिळालं तर मी कशाला नको म्हणू?

पण त्यातल्या एका पेशंटबद्दल आज सांगायचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ३४. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम. दोन वर्षांपासून मधुमेह, गोळ्या कधी घेतो, कधी विसरतो. त्याने बुधवारी 'ताप आलाय' सांगून रजा टाकली, गुरुवारची सुट्टी जोडली आणि मित्रांबरोबर मासे पकडायला गेला. त्याच्या लुअरला पुढे एक आणि मागे एक असे दोन तीन-तोंडी गळ होते. एक चिलापी लागली. तो ती हातात धरून पुढचा गळ सोडवत होता, तेवढ्यात मासा फडफडला आणि मागचा मोकळा गळ त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिरला. एका गळावर मासा, दुसऱ्यावर माणूस, आणि मासा काही शांत राहत नाही! मित्राने पक्कड आणली आणि गळ सरळ मागे ओढून काढला. मांसाचा तुकडा बरोबर आला. धरणाच्याच पाण्याने हात धुतला, रुमाल बांधला.

गुरुवारी बोट ठणकलं. शुक्रवारी तो तसाच कामावर गेला. कंपनीच्या दवाखान्यात दाखवायचं तर तापाच्या रजेत बोटाला काय झालं हे सांगावं लागलं असतं, म्हणून हातमोजा घालून दिवस काढला. शनिवारी रात्री बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली. बोट केळ्यासारखं सुजलेलं, थोडं वाकवून धरलेलं, मी हलकेच सरळ करायला गेलो तर तो किंचाळला. साखर ३८० होती.

ही लक्षणं लक्षात ठेवा. संपूर्ण बोट सारखं सुजलं आहे, ते आपोआप अर्धवट वाकलेलं राहतं, सरळ केलं की असह्य दुखतं, आणि तळव्याच्या बाजूने बोटाच्या मधोमध दाबलं की कळ येते. याचा अर्थ जंतुसंसर्ग कातडीपुरता राहिलेला नाही. बोट वाकवणाऱ्या स्नायूबंधाभोवती एक आवरण असतं, बारीक बोगद्यासारखं, आणि पू त्या बोगद्यात शिरला आहे. तिथे गोळ्या पुरत नाहीत. बोगदा उघडून धुवावा लागतो आणि तोही तासांच्या हिशेबात, दिवसांच्या नाही. उशीर झाला तर स्नायूबंध आतल्या आत कुजतो किंवा चिकटून बसतो.

त्याच रात्री हाताच्या सर्जनकडे पाठवलं. दोन ऑपरेशनं झाली. बोट वाचलं, पण मूठ पूर्ण वळत नाही. प्रेसवरून त्याला पॅकिंगला हलवलं, ओव्हरटाइम गेला. हे सगळं एका चिलापीपायी, जी तळून दोन माणसांना पुरली नसती.

मला स्वतःला गळ टाकायला शिकवलं ते माझ्याच एका पेशंटने. टूलरूममध्ये टर्नर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले, आता सत्तरीला आलेले काका. त्यांची साखर, माझ्यापेक्षा चांगली असते! एकदा त्यांना म्हटलं, "काका, दर गुरुवारी तुम्ही जाता कुठे?" तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एकदा या, मग सांगतो." गेलो. पहिल्याच दिवशी मी रॉड मागे नेऊन जोरात फेकायला गेलो आणि लुअर पुढे जायच्या ऐवजी काकांच्या चष्म्यावर आदळला. काचेवर चरा उमटला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "आधी मागं बघायचं, मग फेकायचं." मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. चष्मा नसता तर? आम्ही डॉक्टर लोक हे 'तर' फार स्पष्ट बघू शकतो.

तर आता लुअरकडे वळू.

माशाला हात नाहीत. समोरची वस्तू खायची आहे की नाही हे तपासायचं तर तोंडानेच. लुअर याच एका गोष्टीवर चालतो. कणीक, पेंड, गांडूळ यांना वास आणि चव असते, म्हणून रोहू, मृगळ, कटला यांच्यासाठी अजून तीच उत्तम. हे मासे लुअरला सहसा दाद देत नाहीत. दुकानदार काहीही सांगो, कटला पकडायला तीनशे रुपयांचा प्लास्टिकचा मासा घेऊ नका. लुअर आहे तो शिकारी माशांसाठी. आपल्याकडे मरळ, शिवडा, वरच्या स्वच्छ पाण्यात महसीर, आणि छोट्या लुअरला चिलापी.

शिकारी मासा दोन गोष्टींवर झडप घालतो, दिसणं आणि हलणं. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेषा. तिच्यातल्या सूक्ष्म संवेदक पेशींना पाण्यातली थरथर कळते. आपल्या आतल्या कानात ज्या केसांच्या पेशी असतात, त्याच जातीच्या या पेशी. म्हणून पाणी गढूळ असेल, पावसानंतरचं चहासारखं, तर फिरणाऱ्या पात्याचा स्पिनर किंवा जोरात डुलणारा लुअर घ्या. तो दिसला नाही तरी जाणवतो. पाणी नितळ असेल तर चंदेरी, राखाडी, खऱ्या माशाच्या जवळ जाणारा रंग आणि कमी हालचाल. भडक लाल रंगावर फार पैसे घालवू नका. पाण्यात सगळ्यात आधी लाल प्रकाश शोषला जातो, त्यामुळे थोडं खोल गेलं की तो लाल लुअर काळपटच दिसतो. दुकानातल्या दिव्याखाली लाल रंग पाहून भुलतो तो गिऱ्हाईक, मासा नव्हे.

वजनाचं म्हणाल तर तुमच्या रॉडच्या बुडाजवळ किती ग्रॅमचा लुअर चालेल ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ५ ते १५ ग्रॅम. ते वाचा. त्याहून हलका लुअर लांब जात नाही, मग माणूस सगळा जोर लावून फेकतो आणि तोच फटका कुणाच्या तरी कानात जातो. ओढताना हिवाळ्यात आणि पहाटे सावकाश ओढा. मासा थंड रक्ताचा, गार पाण्यात त्याची सगळी यंत्रणा मंद झालेली असते.

आणि आता गळ. लुअर हातात घेतला की रंगाच्या आधी त्याची टोकं मोजा. दोन तीन-तोंडी गळ म्हणजे सहा टोकं. मोठ्या लुअरला तीन असतात, म्हणजे नऊ. मासा लागतो एका किंवा दोन टोकांवर. उरलेली तुमच्यासाठी, शेजारच्या मित्रासाठी आणि मागे खेळणाऱ्या पोरासाठी मोकळी असतात. प्रत्येक टोकाला मागच्या बाजूला एक उलटा काटा असतो. तो आत जाताना आड येत नाही, बाहेर येताना रुततो. माझ्या पेशंटच्या बोटातलं मांस याच काट्याने ओढून काढलं.

यावर काकांचा उपाय साधा आहे. नवा लुअर घरी आणला की ते तीन-तोंडी गळ काढून टाकतात आणि मागच्या कडीत एकच एक-तोंडी गळ बसवतात. मग पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट करतात. दोन मिनिटांचं काम. मी विचारलं, "मासे सुटत नाहीत?" ते म्हणाले, "दोरी ताणलेली ठेवली तर नाही सुटत. आणि सुटला तर सुटला, पुढच्या गुरुवारी तो आहे आणि मी आहे." गळ बदलल्यावर काही लुअर थोडे वेगळे डुलतात हे खरं. जवळच्या पाण्यात एकदा ओढून बघायचं, फारच वाकडा चालला तर थोडा जड गळ लावायचा.

नवख्या माणसाने पहिला लुअर कोणता घ्यावा, असं मला विचाराल तर मी रबरी बेडूक सांगेन. पोकळ, मऊ अंगाचा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. माशाने तोंडात धरून दाबलं की अंग चेपतं आणि टोकं बाहेर येतात, एरवी झाकलेली. जलपर्णीत, गवतात अडकत नाही आणि खिशात घातला तरी मांडीत सहसा घुसत नाही (तरी खिशात घालू नका). मरळ नेमकी अशाच गवताळ उथळ पाण्यात असते. तिला हवेतला श्वास घ्यायला मधूनमधून वर यावं लागतं, त्या बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं. बेडूक गवतावरून सावकाश ओढायचा, मोकळी जागा आली की थांबवायचा. पाणी फुटलं की लगेच झटका देऊ नका. मनात एक-दोन म्हणा, दोरी जड लागली की मग. मी पहिले चार मासे याच घाईत घालवले.

एक मात्र सांगतो. मरळीच्या आसपास पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे लुअर टाकू नका. आईबाप त्या पुंजक्याखाली राखण करत असतात. ते लुअरवर भुकेने येत नाहीत, पिल्लं वाचवायला येतात. तेव्हा मरळ पकडणं फार सोपं असतं आणि म्हणूनच ते करू नये. आई गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. काका अशा वेळी रॉड गुंडाळून दुसरीकडे जातात.

काका कधीतरी मजेत म्हणतात, आमचा धंदा राजांचा आहे. ते खोटंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात मत्स्यविनोद म्हणून वेगळा भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांना काय खायला घालावं, गळ-दोरी कशी असावी, सगळं. आणि आपल्याच लोणावळ्यात वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होते, तिथली पिल्लं देशभर गेली. महसीर लागला तर सोडून द्यावा असं माझं मत आहे. एक-तोंडी, काटा दाबलेला गळ असेल तर तो पाण्यातल्या पाण्यात सुटतो, माशाला हात लावायचीही गरज पडत नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर तर गळ काढूच नका, तिथे लोक माशांना खायला घालतात. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारून बसा.

आता शिसं. लुअर खोल जावा म्हणून दोरीला शिशाच्या बारीक गोळ्या लावतात. चिरलेली गोळी दोरीवर ठेवून दाताने दाबायची सवय अनेकांना असते. कृपा करून सोडा. शिसं शरीरात साठतं, हाडांत जाऊन बसतं. याहून वाईट म्हणजे जुन्या बॅटरीतलं शिसं घरच्या गॅसवर वितळवून वजनं ओतणं. आपल्या भागात भंगार सहज मिळतं, त्यामुळे हे घडतं. ती वाफ आणि ती धूळ घरातलं सर्वात लहान मूल सर्वात जास्त शोषतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. काका काय वापरतात सांगू? लोखंडी नट. टर्नर माणसाला नटाला काय तोटा!

लुअर पाण्याखालच्या बाभळीच्या खोडात अडकला तर रॉड वाकवून झटके देऊ नका. सुटला की तो गोळीसारखा तुमच्या तोंडाकडे येतो. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरा, तोंड फिरवा, दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि मागे चालत जा. हाताला गुंडाळू नका, विणलेली दोरी सुरीसारखी कापते. तुटली तर तुटू द्या. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. नंबर नसेल तर कारखान्यात घालता तो सेफ्टी गॉगल घाला. आठवडाभर सुपरवायझरच्या भीतीने घालता, गुरुवारी स्वतःसाठी घाला.

एवढं करूनही गळ लागलाच तर?

डोळ्यात किंवा पापणीत लागला असेल तर हात लावू नका, ओढू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. दोरी कापा. लुअर हलू नये म्हणून वर कागदी कप उलटा ठेवून कडेने चिकटपट्टी लावा आणि सरळ डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जा. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कदाचित भूल द्यावी लागेल.

बोटात, हातात लागला तर दोरी कापा. मासा अजून लुअरवर असेल तर आधी तो वेगळा करा. मोकळ्या टोकांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरं बोट अडकतं, आणि एकदा माझ्या नर्सचं अडकलं होतं. भोवतीची जागा पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, बोट वाकतं का, हे बघून ठेवा, मी आल्या आल्या तेच विचारणार. काटा आत रुतला असेल तर मागे ओढू नका. आम्ही जागा बधिर करतो, बहुतेक वेळा गळ पुढे ढकलून टोक कातडीबाहेर काढतो, उलटा काटा कापतो आणि उरलेला दांडा आल्या वाटेने काढतो. पाच-दहा मिनिटं लागतात. काटा दाबलेला असेल तर तेही नको, गळ आपसूक सरकून येतो.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचं गणित असं. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा डोस पाच वर्षांच्या आत घेतला असेल तर अशा मळकट जखमेला पुन्हा लागत नाही. त्याहून जास्त झाली असतील तर एक घ्या. डोस पूर्ण झालेत की नाही हे माहीतच नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. आणि जखम पाण्यात झाली, माशाने झाली, हे आवर्जून सांगा. गोड्या पाण्यातले काही जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, त्यामुळे औषध बदलतं. पावसाळ्यात कापलेल्या पायाने पाण्यात उभे राहिलात आणि आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर तेही सांगा, लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करावी लागते. मधुमेह असेल तर साधी टोचही त्याच दिवशी दाखवा. रजा कोणत्या नावाने टाकलीत हे मी कुणाला सांगत नाही.

शहरातून वाहणाऱ्या पवनेतला मासा खावा का, हेही बरेच जण विचारतात. मी खात नाही. सांडपाण्यावर वाढलेला मासा कितीही टवटवीत दिसला तरी त्याच्या अंगात काय साठलंय ते तळून जात नाही.

तो प्रेसवरचा पेशंट परवा आला होता, साखरेच्या रिपोर्टसाठी. जेवणाआधीची ११८, मी खूश झालो. मग त्याने पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं पेढे. उघडला तर आत सात लुअर, सगळ्यांना एक-एक गळ, काटे दाबलेले. काकांकडे जाऊन बसला होता म्हणे दोन गुरुवार. मधलं बोट नीट वळत नाही म्हणून पक्कड डाव्या हाताने चालवायला शिकला आहे.

"डॉक्टर, बायको नाही म्हणते," तो म्हणाला. "तुम्ही जरा बोलता का तिच्याशी?"

मी म्हटलं, "आधी शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांग."

"तुम्हीच दिलं की, त्या रात्री."

ती बाहेर बाकावरच बसली होती. मी तिला आत बोलावलं.